हातचं राखून

आतापर्यंत मी चौदा बायका होऊन चुकले आहे. त्यांत एक जपानी होती, तीन अमेरिकी, आणि न्यूझीलंडची एक डावखुरी, जी लाथ मारण्याआधी न चुकता खांदा उडवायची. आमच्या तालमीतल्या जुसाराची पुढची लढत ठरली, की वस्ताद ओस्मारीनो त्या बाईच्या लढती माझ्या फोनवर पाठवायचे आणि म्हणायचे, "तेल्मा, पंधरा दिवसांत ही बाई मला इथं उभी पाहिजे." मी उभी करायचे. मग दोन महिने जुसारा रोज सकाळी मला, म्हणजे त्या बाईला, बदडून काढायची. हा माझा धंदा. माझी स्वतःची शेवटची लढत अकरा वर्षांपूर्वी झाली. ती मी हरले, आणि तिच्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही.

जुसारा मोरायस पिंजऱ्यात ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींची जगज्जेती होती हे आमच्या बेलेम शहरात कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या गुआमा वस्तीत तर नाहीच नाही. तिची आई, दोरालीसे मावशी, कालव्याजवळ असाईचं, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या जांभळ्या फळांच्या दाट रसाचं, दुकान चालवते. माल तयार झाला की दारावर लाल झेंडा लावायचा, आणि मग लोक भांडी घेऊन येतात. सोळाव्या वर्षी जुसारा असाईची पिशवी द्यायला तालमीत आली आणि दारातच उभी राहिली.

"मुलींना घेता का?" तिनं विचारलं.

"नाही," वस्ताद म्हणाले. "पण एक घेऊन पस्तावलोय. तिला मारायला कुणी मिळत नाही."

ती एक म्हणजे मी. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना मारायला लागलो.

तिची पहिली लढत कास्तान्यालला, एका शाळेच्या सभागृहात झाली. छप्पर गळत होतं आणि दर फेरीनंतर एक शिपाई येऊन गादी पुसून जायचा. समोरची तेरा किलोनं जड होती. जुसारानं चाळीस सेकंदांत तिचा हात पिरगळला आणि ती बाई हरले हरले म्हणून गादीवर हात आपटायला लागली. दुसरी लढत मानाउसला. नदीतून बोटीनं, झोळीत पडून पाच दिवसांचा प्रवास, लढत एका मिनिटाची, आणि परतीची तिकिटं काढायला आयोजक विसरलेले. अशी सहा-सात वर्षं गेली. मग लढती भरवणाऱ्या अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीनं तिला बोलावलं आणि एकोणतिसाव्या वर्षी तिनं जगज्जेतेपदाचा पट्टा जिंकला. परत आली तेव्हा अग्निशमन दलाच्या लाल गाडीवर उभी करून तिला शहरभर फिरवलं. मीही होते त्या गाडीवर, शिडीला घट्ट धरून. मला उंचीची भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशीच्या दुकानात तळलेला मासा आणि असाई खात बसलो होतो. तेवढ्यात वाल्देमीरकाका आले. हातात काही न घालता लढायचे त्या काळातले हे मोठे लढवय्ये. त्यांनी जुसाराचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, बाकावर बसले, आणि पाच मिनिटांनी उठून, आत्ताच भेटल्यासारखं, पुन्हा अभिनंदन केलं. जाताना तिसऱ्यांदा. जुसारानं तिन्ही वेळा तेवढंच मनापासून हसून आभार मानले. ते गेल्यावर तिनं वाडगा बाजूला सारला.

"तेल्मा, ऐक. ज्या दिवशी तुझा डावा ठोसा मला एका फेरीत तीनदा लागेल, त्या दिवशी मला तोंडावर सांगायचं. मी पट्टा टेबलावर ठेवीन आणि घरी येईन."

"माझा डावा? अगं, माझा डावा माझ्या आजीलासुद्धा लागायचा नाही."

"म्हणूनच. तुझा लागायला लागला म्हणजे मी संपले."

"वस्ताद आहेत की सांगायला."

"वस्ताद नाही सांगणार. त्यांच्या भिंतीवर मीच आहे सगळीकडे. तू सांगायचं. मला काकांसारखं व्हायचं नाहीये, तेल्मा. घे शपथ."

मी नाझारेच्या आईची, आमच्या शहराच्या मेरीमातेची, शपथ घेतली. आमच्याकडे याहून मोठी शपथ नाही. दोरालीसे मावशी काउंटरमागून ऐकत होती. लेकीची एकही लढत तिनं कधी पाहिली नाही, दुकानातल्या टीव्हीकडे पाठ करून ती चाळण्या धुवायची.

जुसारानं चार वेळा पट्टा राखला. पाचव्या वेळेच्या तयारीत, मार्चमधल्या एका मंगळवारी, माझा डावा तिला लागला. होतं असं कधी कधी. थोड्या वेळानं पुन्हा लागला. मग मी मुद्दाम, नेहमीच्याच वेगानं, तिसरा मारून पाहिला, आणि तो असा जाऊन बसला की मलाच दचकायला झालं. तिनं डोकं झाडलं, दातातलं रबर सारखं केलं आणि म्हणाली, "चल, चल, थांबू नकोस."

लढतीला नऊ दिवस राहिले होते. आमच्या तालमीत शेवटच्या दहा दिवसांत लढणाऱ्याला कुणी पाडत नाही. जोरात मारत नाही, टोमणा मारत नाही, तिच्या वजनावरून विनोदही करत नाही. पिंजऱ्यात जाताना तिला आपण अजिंक्य आहोत असंच वाटलं पाहिजे. हे कुठं लिहिलेलं नाही, पण झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी तिला बाजूला घेऊन 'जुसा, संपलं' म्हणणं म्हणजे बाळंतिणीला अपशकुन करण्यासारखं. मी ठरवलं, लढत झाली की सांगू.

ती लढत तिनं दुसऱ्याच फेरीत जिंकली. विमानात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती बेलेमपर्यंत झोपली. जिंकलेल्या माणसाला काय सांगणार? मी आणखी थोडं थांबायचं ठरवलं, आणि मग थांबण्याची सवयच लागली.

मी एक युक्तीही काढली. डावा मारण्याआधी नाकानं आवाज होईल असा श्वास घ्यायचा आणि कोपर किंचित खाली सोडायचं. जुसारा इतकी तयारीची होती की तिचं शरीर आठवड्याभरात ती खूण शिकलं. तिला स्वतःला कळलंही नाही. मी फुस्स करायचे, ती वाकायची, ठोसा डोक्यावरून जायचा.

"अजून आहे ना गं माझ्यात?" ती घाम पुसत विचारायची.

"आहे की. म्हातारी होशील तेव्हा सांगेन."

हे म्हणताना पहिल्यांदा मी खाली बघून हातमोज्याची पट्टी सोडत बसले होते. नंतर नंतर काही वाटेनासं झालं. मी हे का केलं, याचं एक कारण लोकांना आवडेल असं आहे, की माझा तिच्यावर जीव होता. तो होताच. पण दुसरंही आहे. जुसारा घरी बसली असती, तर मी अकरा वर्षांपूर्वी हरलेली एक बाई उरले असते, आणि ते मला नको होतं.

सहावी लढत ती गुणांवर जिंकली, जेमतेम. सातवी रिओमध्ये, लेंका नावाच्या एका झेक मुलीशी. लेंका व्हायला मला फार वेळ लागला नाही. सरळ अंगाची, सरळ चालीची पोरगी, डावा चांगला, बाकी साधारण. दोन महिने मी लेंका होते, फुस्स करणारी लेंका.

खरी लेंका श्वास ऐकू येईल असा घेत नव्हती. तिसऱ्या फेरीत तिचा पहिला डावा लागला. मग आणखी दोन. कॉर्नरला, म्हणजे पिंजऱ्याबाहेर तिच्या बाजूला, आम्ही तिघं होतो. वस्ताद, पॅड धरणारा एरिवाल्दो आणि बर्फ, पाणी, टॉवेल सांभाळणारी मी. वस्तादांना तीस वर्षांत कुणी टॉवेल टाकताना, म्हणजे हार मानून लढत थांबवताना, पाहिलेलं नाही. "आमच्याकडे टॉवेल घाम पुसायला असतो," असं ते पत्रकारांना सांगतात, आणि ते वाक्य तालमीच्या दारावर रंगवलेलंही आहे. चौथ्या फेरीत मी डावे मोजत होते. आठ झाले. नऊ झाले. टॉवेल मी खांद्यावरून काढून दोन्ही हातांत धरला होता. वस्तादांकडे बघितलं, तर ते "हात वर! हात वर!" म्हणून ओरडत होते.

फेरी संपायला वीस सेकंद असताना जुसारानं हात खाली सोडले. सोडले म्हणजे अगदी फेरी संपल्यासारखे, आणि आमच्याकडे वळून पाहिलं. घंटा का वाजली नाही, असा चेहरा होता तिचा. लेंकानं तेवढ्यात मारलं. जुसारा पडल्यावर आणखी पाच मारले, मग रेफरी मधे पडला.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढून सांगितलं की काही नाही, तीन महिने विश्रांती. हॉटेलवर आल्यावर जुसारानं मला विचारलं, "हे कुठलं गाव गं?" मी म्हटलं, रिओ. ती "हां हां" म्हणाली. केसांतलं रक्त मी धूत होते तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, "हे कुठलं गाव?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्ण शुद्धीवर होती आणि नाश्त्याच्या कॉफीला नावं ठेवत होती. मी मात्र मनातून पार हलले होते.

दीड महिन्यानं एका सोमवारी ती तालमीत आली आणि सगळ्यांना गादीवर बसवलं. वस्तादांनाही.

"मी ती लढत तेवीस वेळा बघितली," ती म्हणाली. "तिचा डावा जलद नव्हता. तेल्माचा तिच्याहून जलद आहे. मग तेल्माचा मी चुकवते आणि तिचा मला दिसतसुद्धा नाही, हे कसं?"

बाहेर दुपारचा पाऊस सुरू झाला होता. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मी दोन वर्षं तुला हातचं राखून मारतेय, जुसा." मग श्वासाचं सांगितलं, कोपराचं सांगितलं, मार्चमधला मंगळवार सांगितला. मला वाटलं, आता सगळे माझ्यावर तुटून पडतील. एरिवाल्दो मान खाजवत होता.

"म्हणजे तूपण?" तो म्हणाला.

"'तूपण' म्हणजे?"

"पॅडवर ती मारायची ना, ते... मीच पॅड पुढं आणून तिच्या मुठीवर आपटायचो. आवाज मोठा यायचा, तिला बरं वाटायचं." आणि मग तो चक्क चिडला. "मला वाटलं मी एकटाच करतोय! रात्रंदिवस मला खात होतं ते!"

कुस्तीचा सराव देणारी लुझिया म्हणाली की ती दोन वर्षं पाय सैल सोडत आलीय. मग सगळे वस्तादांकडे बघायला लागले. वस्तादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"घड्याळ," ते म्हणाले.

"घड्याळाचं काय?" जुसारानं विचारलं.

"फेरीचं घड्याळ मी पाच मिनिटांऐवजी चार मिनिटं चाळीस सेकंदांना लावतो. वर्ष झालं. तू शेवटी दमायचीस, पोरी. दमून खाली बसलीस की तुझा चेहरा मला बघवायचा नाही."

जुसारा हसली. खरंच हसली, पोट धरून, आणि आमच्यातलेही एक-दोघे हसायला लागले. मग ती थांबली, पण आम्हांला थांबायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे दोन वर्षं मी तुमच्याशी लढतच नव्हते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आता सांग. आता काय? संपलं का माझं?"

"संपलं, जुसा. पाया पडते तुझ्या, बस कर. घरी बस. तू आणि मावशी दुकान बघा."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "याच तोंडानं 'आहे की' म्हणायचीस."

"आता खरं बोलतेय."

"असशील. पण ते मला कसं कळणार?"

तिनं माझ्यावर सोपवलेलं काम एकच होतं, की वेळ आली म्हणजे सांगायचं. आणि वेळ आली तेव्हा माझ्या शब्दाची किंमत मीच घालवून बसले होते.

महिन्याभरात ती दूर दक्षिणेला, कुरितिबाला गेली, आमच्या जुन्या वैऱ्यांच्या तालमीत. आमच्या जगात वस्ताद बदलणं म्हणजे बाप बदलण्यासारखं. वस्तादांनी भिंतीवरचे तिचे सगळे फोटो उतरवले आणि कुणी तिचं नाव काढलं, तर म्हणायचे, "गद्दाराचं नाव इथं नको." ते बोलताना त्यांचा आवाज चिरकायचा. आम्ही तिला फसवलं होतं आणि गद्दार ती ठरली होती, पण हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

ती मला फोन करत नव्हती. दर रविवारी आईला करायची, आणि सोमवारी मी असाई आणायच्या निमित्तानं मावशीकडे जाऊन उभी राहायचे.

"तिथं थंडी फार आहे म्हणते," मावशी सांगायची. "असाईत साखर घालून खातात म्हणे तिथली माणसं. केळंसुद्धा घालतात."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणे, इथं मी कुणालाच आवडत नाही, आई, म्हणून बरं वाटतंय. आता असं कुणी बोलतं का, तूच सांग. आणि लढत ठरलीय म्हणाली. लहानशीच आहे, पट्ट्याबिट्ट्याची नाही." मावशीनं पिशवीला गाठ मारली. "तेल्मा, तिच्या डोक्याला काही होणार नाही ना गं?"

मी म्हटलं, नाही होणार. सवय होती ना मला.

लढत शनिवारी संध्याकाळी होती. दुकानात तीस-चाळीस माणसं जमली होती, बाहेर रस्त्यावरही खुर्च्या टाकल्या होत्या. वस्ताद असाई घ्यायला आल्यासारखे रिकामं भांडं घेऊन दारात उभे होते. भांडं तासभर तसंच हातात. मावशी टीव्हीकडे पाठ करून चाळणी घासत होती.

पहिली फेरी जुसारानं जिंकली, आणि दुकानात असा गलका झाला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. समोर गोइयानियाची तेवीस वर्षांची पोरगी होती. दुसऱ्या फेरीच्या मध्याला तिचा डावा लागला. जुसारा एक पाऊल मागं सरकली, पुढं आली. दुसरा लागला. मग तिसरा, आणि जुसाराचं डोकं त्याच्याबरोबर हललं ते थोडं उशिरानं थांबलं. पण ती उभी होती. हात वर होते, पाय चालत होते. दुकानातली माणसं "जा जुसारा! जा!" म्हणत टेबलं बडवत होती. मी पुन्हा डावे मोजत होते.

तेवढ्यात पिंजऱ्याच्या वरून एक पांढरा टॉवेल आत पडला.

क्षणभर कुणाला कळेचना. मग रेफरीनं दोन्ही हात हलवले आणि दुकानात एकच ओरडा उठला.

"भित्रा साला!"

"अरे, उभी होती ती! डोळे फुटले का तुझे?"

"कोण आहे रे हा टकल्या?" वस्ताद दारातून गरजले. त्यांचं भांडं खाली पडलं होतं. "शुद्धीवर होती माझी पोर! कोण आहे हा?"

पडद्यावर एक टकला, करड्या स्वेटरमधला माणूस पिंजऱ्यात शिरला होता. जुसारा त्याला दोन्ही हातांनी ढकलत होती, शिव्या देत होती, ते ओठांवरून स्पष्ट कळत होतं. त्यानं ढकलू दिलं. मग तिचं डोकं दोन्ही हातांत धरून आधी एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यात. लोक शिट्ट्या मारत होते. त्याला काही पडलेलं दिसत नव्हतं.

मी रडले. सगळ्यांसमोर, नाक गळेपर्यंत. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"पडली का?" मावशीनं पाठमोरीच विचारलं.

"नाही, मावशी. उभी आहे. भांडतेय. लढत थांबवली."

"रेफरीनं?"

"नाही. तिच्याच कॉर्नरच्या माणसानं. टॉवेल टाकला."

"कोण तो?"

"माहीत नाही. चार महिन्यांची ओळख असेल तिची-त्याची."

मावशीनं नळ बंद केला. हात पुसले आणि वळली. टीव्हीकडे नाही, माझ्याकडे.

"मागच्या वेळी कॉर्नरला तू होतीस ना?"

"होते."

"मग तुझ्याकडे टॉवेल नव्हता का गं?"

ती टोचून बोलत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं, कधी पाहिलंच नव्हतं ना तिनं.

"होता, मावशी," मी म्हणाले. "माझ्याच हातात होता."

तिनं मान हलवली, नळ पुन्हा सोडला आणि राहिलेली चाळणी धुवायला घेतली.